वर्षभराची जागा

"एका वर्षात," मी म्हणाले. म्हणजे तोंडातून गेलंच. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला, दोन्ही हात ह्यांच्या शर्टाच्या बटणांत गुंतलेले, चहा उतू जायच्या बेतात, आणि पलीकडून फाउंडेशनची ती गोड आवाजाची मुलगी विचारत होती, "पण मॅडम, तुमच्या केंद्रातून माणसं बाहेर कधी पडतात? साधारण किती काळात?" असला प्रश्न आला की मी विचार करत नाही. संस्थांसाठी अनुदानाचे अर्ज लिहिण्यात इतकी वर्षं गेली, की समोरच्याला काय ऐकायचंय ते आधी कानाला कळतं आणि जीभ आपलं काम करून मोकळी होते. डोक्याला कुणी विचारत नाही. "एका वर्षात," मी म्हणाले आणि वर "साधारणपणे" असंही जोडलं, कारण साधारणपणे हा शब्द आमच्या धंद्यात मिठासारखा सगळीकडे लागतो. मुलगी एकदम खूश झाली. "अय्या, मग हे अर्जाच्या मसुद्यात का नाही लिहिलंत? आमच्या समितीला हेच तर हवं असतं! माणूस आला, वर्षभर राहिला, सावरला, गेला, त्याच्या जागी दुसरा आला. तेवढा एक परिच्छेद घाला ना. ऑफिस बंद व्हायच्या आत आला, तर मी स्वतः वर नेऊन देते." मी तिचे आभार मानले, तेही मनापासून, कारण फाउंडेशनमधली माणसं आपण होऊन फोन करून रस्ता दाखवतात असं क्वचितच होतं. फोन ठेवला, गॅस बंद केला, परत येऊन उरलेलं बटण हातात घेतलं आणि हात तिथेच राहिला. ज्या माणसाच्या शर्टाचं बटण मी लावत होते, त्याचं त्या केंद्रात हे तिसरं वर्ष होतं.

ह्यांनी मान वाकवून माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं का?" ते म्हणाले. अर्धांगाचा झटका आला त्यात ह्यांची वाचा गेली आणि एवढंच राहिलं, बरं का. भूक लागली तरी बरं का, पाय दुखला तरी बरं का, माझा राग आला तर दात आवळून बरं का. आयुष्यभर फळांच्या घाऊक बाजारात उभं राहून लिलाव पुकारलेला माणूस. दर वाक्यामागे "बरं का" म्हणायची सवय, आणि बाकीचं सगळं गेल्यावर नेमकी ती सवय तेवढी शिल्लक राहिली. डॉक्टर म्हणाले, असं होतं. डॉक्टरांच्या तोंडून असं होतं ऐकलं की मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटतं. पण हळूहळू मला त्या एका शब्दाचे सगळे सूर कळायला लागले, आणि आत्ताचा सूर 'काय झालं गं तुला' असा होता. "काही नाही हो," मी म्हणाले. "चहा घ्या." बटण लावलं. काही नाही म्हणताना माझा आवाज इतका नीट निघाला, की माझं मलाच कसंतरी झालं.

आम्ही चालत निघालो. ह्यांचा उजवा पाय जरा ओढत येतो, त्यामुळे मला ह्यांच्या चालीनं चालायची सवय झाली आहे. एकटी असले तरी मी आता तशीच चालते, आणि मागची माणसं वैतागून पुढे जातात. कोपऱ्यावर फळवाला बसतो. तिथे हे थांबणार म्हणजे थांबणारच. डाव्या हातानं एखादं फळ उचलायचं, देठाकडून बघायचं, नाकाशी न्यायचं, आणि मग इतक्या तुच्छतेनं परत ठेवायचं की फळवाल्यानं आता लाजायचंही सोडून दिलंय. "काय मालक, पास की नापास?" तो विचारतो. "बरं का," हे म्हणतात, आणि त्याला कळतं की नापास. आज मी ह्यांना तिथे जरा जास्तच वेळ उभं राहू दिलं. माझ्या डोक्यात तो परिच्छेद जुळत होता. नको म्हटलं तरी जुळत होता. पहिलं वाक्य कसं असेल, 'टप्पा' हा शब्द कुठे येईल, 'कुटुंबाकडे सक्षमपणे परतणे' कुठे. मी स्वतःला म्हटलं, बये, निदान रस्त्यावर तरी गप्प बस.

पूर्वी हे माझ्या अर्जांची काय टर उडवायचे! संध्याकाळी बाजारातून यायचे, घसा बसलेला असायचा, तरी माझ्या टेबलावरचा कागद उचलायचे आणि तिथेच उभे राहून लिलाव मांडायचे: "लाभार्थ्यांच्या जीवनमानात गुणात्मक बदल! ताजा माल आहे, बरं का! बोला, कोण घेतंय?" मी म्हणायची, ठेवा तो कागद, चुरगळेल. आणि हसू आवरायचं नाही. "हे बघ," ते म्हणायचे, "तू आणि मी एकच धंदा करतो. फक्त मी माल दाखवून विकतो आणि तू न दाखवता." तेव्हा मी चिडले होते. आश्रमशाळा, दवाखाने, घर नसलेल्या बायकांचं निवासस्थान, कुणाकुणासाठी मी लिहिलं. त्यांचे दिवे माझ्या वाक्यांवर जळत होते आणि हा माणूस म्हणतो विकते! पण चिडण्यातही मजा होती, कारण समोरून उत्तर यायचं. आता मी चिडते आणि माझंच ऐकत बसते. घरात दोन माणसं असून बोलणारी एकच असली की तिचा आवाज फार मोठा होतो. कधी कधी मला माझ्याच आवाजाचा वीट येतो.

केंद्र म्हणजे एका जुन्या इमारतीतला तळमजल्याचा लांबट हॉल, बाजूला दोन खोल्या. वाचा गेलेली माणसं तिथे दुपार काढतात. शिकवायला एक बाई येते, ती चित्रं दाखवते, ओठांचे व्यायाम घेते. पण खरं म्हणजे तिथे सगळ्यांनाच बोलता येत नाही हीच मोठी सोय आहे. कुणाची कुणाला लाज वाटत नाही. घरी ह्यांनी ताटं भिरकावली होती, भिंतीवर मुठी आपटल्या होत्या, एकदा मला ढकललं आणि मग स्वतःच कोपऱ्यात बसून रडले. इथे आल्यावर ते थांबलं. इथे ह्यांना शिंपीकाका भेटले. त्यांच्याकडे "हो हो हो" एवढंच उरलं आहे, नको असलं तरी हो हो हो. दोघे पत्ते खेळतात आणि दोघेही सर्रास लबाडी करतात, मग भांडण जुंपतं. "बरं का!" "हो हो हो!" "बरं का, बरं का!" सगळा हॉल खेळ टाकून ते भांडण बघतो. बरे झाले का? नाही झाले. तिसऱ्या वर्षातही शब्द एकच आहे. पण माणूस माणसात आला. आणि हे मी कुठल्याच अर्जात लिहू शकले नाही, कारण ह्याला रकाना नाही. किती जण माणसात आले असं कुणी विचारत नाही.

दाराशी शिंपीकाकांची सून भेटली, काकांना सोडून कामावर पळायच्या घाईत. "काकू, झालं का हो त्या पैशांचं?" मी म्हणाले, "आज अर्ज जातोय." "होईल ना? तुम्ही लिहिलंय म्हणजे होईलच. हे बंद पडलं तर मी मेलेच बघा. बाबांना एकटं सोडून जाता येत नाही आणि नोकरी सोडता येत नाही." तिनं माझा हात दाबला आणि गेली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. केंद्राला आजवर पैसे देणारी संस्था ह्या वर्षी बाजूला झाली होती. हे फाउंडेशन नाही म्हणालं तर हॉलला कुलूप लागणार, हे तिला माहीत होतं. त्या फाउंडेशनला हो म्हणायला लावायचं वाक्य मला सकाळी सापडलंय, आणि त्या वाक्यानं तिचे सासरे आणि माझा नवरा पहिल्याच फेरीत घरी बसणार, हे तिला माहीत नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं. तिच्याशी बोलताना माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे.

बाजूच्या खोलीत मी संगणकापुढे बसले. जुनी टेबलं, भिंतीला ओल, खिडकीतून शेजारच्या छापखान्याचा एकसुरी आवाज. अर्ज उघडला. सगळं तयार होतं, फक्त तो चौकोन अर्धामुर्धा होता: सदस्य केंद्रातून पुढे कुठे जातो? तिथे मी आधी गोलमाल काहीतरी लिहिलं होतं, गरजेनुसार, परिस्थितीनुसार. गरजेनुसार लिहिलं की समितीतला कुणीतरी त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल काढतो हे मला ठाऊक आहे, तरी लिहिलं होतं. आता सरळ आकडा लिहायचा किंवा अर्ज हरायचा. मी 'बहुतांश सदस्य' असं करून बघितलं. बहुतांश म्हटलं की उरलेल्यांचं काय, हा पुढचा प्रश्न. 'अपवाद वगळता' करून बघितलं. अपवाद वाचला की त्यांना वास येतो. त्या मुलीवर रागवून बघितलं, पण राग येईना. बिचारीनं मदतच केली होती, आणि तिचं चुकलं काय होतं? खुर्च्या मोजक्या. आमची माणसं त्या सोडत नाहीत. बाहेर माणसं वाट बघतायत. हिशेब तिचा बरोबर होता.

आणि तिथे बसल्या बसल्या मला एक गोष्ट अगदी स्वच्छ दिसली. मला ह्यांची काळजी वाटत नव्हती. म्हणजे वाटत होती, पण त्याआधी, त्याच्या पुढे धावत, मला माझ्या दुपारची काळजी वाटत होती. ह्यांना इथे सोडून मी घरी जाते, जेवते, भांडी तशीच ठेवते आणि पलंगाच्या कडेला नुसती बसते. काम असतंच, कुठला ना कुठला अर्ज असतोच, पण आधी थोडा वेळ मी नुसती बसते. कुणी बरं का म्हणत नाही. कुणाचा सूर ओळखावा लागत नाही. एखाद्या दिवशी रडते, एखाद्या दिवशी पेंगते, बहुतेक दिवशी काहीच करत नाही. त्या वेळात मी कुणाची बायको नसते. हे गेलं तर मी काय करीन? सकाळ, दुपार, संध्याकाळ, हा एक शब्द आणि मी, आणि पुन्हा ती ताटं, त्या मुठी. वन्सं फोनवर म्हणतात, "वहिनी, तुम्ही किती करता हो दादाचं!" करते. कारण दुपारी करत नाही म्हणून करू शकते. हे त्यांना कसं सांगायचं?

मोठ्या बाई आत आल्या. केंद्र त्यांनीच काढलं. नवऱ्याची वाचा गेली तेव्हा काढलं, नवरा गेल्यावरही चालवत राहिल्या. सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणतात, उंचीनं माझ्या खांद्यापर्यंतही येत नाहीत तरी. मी त्यांना फोनचं सगळं सांगितलं. माझ्या तोंडून वर्षाचं कसं निसटलं तेही. त्या खुर्ची ओढून बसल्या, चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या.

"निसटलं ते निसटलं," त्या म्हणाल्या. "पण बाई, खरं सांगू? काल एक जण आली होती. नवरा तरुण आहे, पोरं लहान. दारात उभी राहून रडली. मी म्हटलं जागा नाही. दर आठवड्याला मी कुणाला तरी जागा नाही म्हणते."

मला ती रडणारी बाई नको होती. मला तिच्याबद्दल ऐकायचंच नव्हतं. "मग जुन्यांचं काय करायचं?" मी विचारलं.

"तुमच्या ह्यांना स्वयंसेवक दाखवू. नवीन माणसांना सोबत करायला. तसं चालतं, तुम्हीच एकदा सांगितलं होतंत."

"आणि शिंपीकाका?"

"त्यांनाही दाखवू."

"आणि बाकीचे?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. सगळेच स्वयंसेवक झाले तर नवीन माणूस बसणार कुठे, हे त्यांनाही कळत होतं. त्या म्हणाल्या, "एकासाठी करता येईल. तुम्ही इतकं करता केंद्राचं, कुणी काही म्हणणार नाही."

माझ्या मनानं किती पटकन हो म्हटलं! मी तो शब्द टाइपसुद्धा केला, स्वयंसेवक. मग दारातली सून आठवली. तिनं हात दाबला होता. उद्या तिचा सासरा घरी आणि माझा नवरा इथे, आणि ती मला रस्त्यात भेटणार, काकू म्हणणार. मी शब्द पुसला. चांगुलपणा वगैरे काही नव्हतं त्यात. तिला तोंड दाखवायची हिंमत नव्हती, एवढंच. "नको," मी म्हणाले. "एकाचं नको. वर्ष म्हणजे वर्ष, सगळ्यांना." मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुला झेपेल का गं?" त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या मला गं म्हणाल्या. "नाही झेपणार," मी म्हणाले, "पण लिहिते."

लिहिलं. आणि चांगलं उतरलं, कर्म माझं! दमलेल्या डोक्यानं इतका सरळ, इतका नेमका परिच्छेद मी कितीतरी दिवसांत लिहिला नव्हता. एकही शब्द हलवायची गरज पडली नाही. दुसऱ्यांदा वाचताना मला बरं वाटलं, कारागिराला वाटतं तसं. आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली. छापखान्याचा आवाज मध्येच थांबला, बहुधा त्यांची चहाची वेळ झाली असावी. मी पाठवायला निघाले तर मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, वाचून दाखवायचं राहिलं की."

हा त्यांचा नियम. अर्ज जायच्या आधी हॉलमध्ये मोठ्यानं वाचायचा. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्या पाठीमागे काही पाठवायचं नाही. कुणाला किती कळतं हे देवालाच ठाऊक. शिकवणारी बाई म्हणते, आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळ कळतं, फक्त सांगता येत नाही. वाचून झालं की सगळे टाळ्या वाजवतात. ज्यांचा एक हात चालत नाही ते चांगल्या हातानं मांडीवर थापा मारतात. मी म्हटलं, "आज नको ना, उशीर होतोय." मोठ्या बाईंनी हॉलचं दार उघडून धरलं. मग मी कागद छापून घेतला आणि आत गेले.

पत्ते बाजूला झाले. सगळे माझ्याकडे वळून बसले. मी वाचायला लागले. गरज, उद्दिष्टं, कामाची पद्धत, नेहमीचंच. शिंपीकाका मधून मधून हो हो हो करत होते. त्या परिच्छेदाशी आले तेव्हा वाटलं, गाळावा. कुणाला कळणार आहे? पण पहिल्या खुर्चीत हे बसले होते, मान जरा तिरपी करून, पूर्वी माझा कागद हातात घ्यायच्या आधी करायचे तशी. मी वाचलं. प्रत्येक सदस्य केंद्रात एक वर्ष राहील. वर्ष पूर्ण झालेले सदस्य कुटुंबाकडे परततील आणि त्यांच्या जागी प्रतीक्षेतल्या नवीन सदस्यांना प्रवेश मिळेल. माझा आवाज कुठेही अडकला नाही. शेवटचं वाक्य संपलं. टाळ्या सुरू झाल्या. मांडीवरच्या थापा, हो हो हो, कुणीतरी जमिनीवर काठी आपटली. हे सगळ्यात जोरात थापा मारत होते आणि आजूबाजूला बघत होते, हिनं लिहिलंय, माझ्या बायकोनं, अशा ऐटीत. मोठ्या बाई आत गेल्या आणि अर्ज पाठवून आल्या. "गेला," त्या म्हणाल्या. मला एकदम हलकं वाटलं. कळलं नाही ह्यांना, बरं झालं, कळलं नाही. सांगायला अजून वेळ आहे, हळूहळू सांगता येईल, कदाचित सांगावंही लागणार नाही.

टाळ्या थांबल्या तेव्हा हे उठले. टेबलाचा आधार घेत, पाय ओढत, भिंतीतल्या फडताळाकडे गेले. तिथे सगळ्यांचे चहाचे कप असतात. नाव वाचता येत नाही म्हणून प्रत्येकाच्या कपावर एकेक चित्र, ज्याचं त्यानं निवडलेलं. ह्यांनी आपला कप काढला. आत बोट फिरवून कोरडा आहे ना ते बघितलं, रुमालात गुंडाळला आणि तो माझ्या पिशवीत ठेवण्यासाठी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. सौदा पक्का झाल्यावर मालाला पुन्हा हात लावायचा नसतो, तसे शांत होते.

"अहो, आज नाही," मी म्हणाले. "आज कुणी जात नाहीये. ठेवा तो परत."

ह्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली, स्वतःच उघडली आणि कप आत ठेवला. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शिंपीकाका उठले होते. त्यांच्यामागे ती काठीवाली बाई, मग खिडकीशी बसणारे मास्तर. एकेक जण फडताळाशी जाऊन आपापलं चित्र शोधायला लागला.

"बसा हो, बसा सगळे," मी म्हणत राहिले. "अजून वेळ आहे."

कुणी बसलं नाही.